रस्त्याकडची खोली आणि वाक्प्रचारांचा पुरावा

मी, कौतिक झुलाल बोरसे, वय वर्षे शहात्तर, सेवानिवृत्त वकील, मूळ गाव शिंदखेडा, हल्ली मुक्काम पिंप्राळा, जळगाव, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझी उलटतपासणी मी हयात असतानाच घ्यावी.

१. राहते घर, बँकेतील ठेवी व सोनगीरची पितळी भांडी माझ्या पश्चात पत्नी यशोदाबाई हिची.

२. कायद्याची पुस्तके व काळा कोट मुलगा निंबा यास. कोट त्यास घट्ट होईल. माझे म्हणणेही त्यास लहानपणापासून घट्टच होत आले.

३. आता वादाचा विषय, म्हणजे घराची रस्त्याकडची खोली. निंबाला तेथे शटर बसवून ती दुकानासाठी भाड्याने द्यावयाची आहे. सध्या तेथे रोज संध्याकाळी माझे मित्र रतिलाल वाणी, सेवानिवृत्त रेल्वे गार्ड, मुलांना विनामूल्य इंग्रजी वाक्प्रचार शिकवतात. अर्थ ते बिनचूक सांगतात. उगमाबाबत माझी हरकत आहे.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस, हे मान्य. परंतु विलायतेत गवती छपरांवर निजलेली कुत्री-मांजरे पावसात घसरून खाली पडत, यास आधार काय?

"भुसावळचा मॉरिस ड्रायव्हर सांगायचा, भाऊ."

"मॉरिस कोठे आहे?"

"वारला."

"त्याने ती पडताना पाहिली होती?"

"तुम्ही तरी तुमच्या अशिलांना चोरी करताना कुठे पाहिलं होतं?"

हे उत्तर गैरलागू होते, असे माझे आजही म्हणणे आहे.

'रेड टेप' म्हणजे दफ्तरदिरंगाई, याबाबत वाद नाही. सरकारी कागदांची तांबडी फीत मी स्वतः सोडली आहे. ती सोडूनही काम पुढे सरकत नसे, त्यामुळे अर्थही सिद्ध झाला. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. टांगलेले डुक्कर ज्या तुळईवर पाय झाडी तिला 'बकेट' म्हणत, ही रतिलालांची कथा मी फेटाळली, तेव्हा यशोदाबाई दारातून म्हणाली, "तुमनं बठ्ठं खरं शे. पन पोरेसले त्यासनीच गोठ ध्यानमा ऱ्हास." ती रोज मुलांना पाणी देते. मुलांच्या ध्यानात रतिलालांचीच गोष्ट राहते, ही साक्ष प्रत्यक्षदर्शी असल्याने मला नाकारता आली नाही.

४. सबब, मालकी यशोदाबाईची असली तरी रतिलाल शिकवू शकतील तोवर ती खोली वर्गासाठीच राहावी. भाडे घेऊ नये. शटर बसवू नये. अट एकच: उगम सांगण्याच्या आधी त्यांनी 'असे म्हणतात' हे शब्द उच्चारावेत.

५. रतिलाल आज साक्षीदार म्हणून आले होते. ज्यास मृत्युपत्रान्वये काही मिळते त्याची साक्ष मी घेत नाही. म्हणून त्यांस फक्त वाचावयास दिले. कलम ४ वाचून ते म्हणाले, "भाऊ, आधीच 'असे म्हणतात' म्हटलं की पोरं जांभया देतात. असा वर्ग मला नको. द्या खोली निंबाला." आणि चपला घालू लागले. निंबाने तत्परतेने दार उघडले. यशोदाबाईने माझ्याकडे पाहिले.

सबब, कलम ४ मध्ये 'आधी' ऐवजी 'नंतर' असे वाचावे. हा बदल माझ्या राजीखुशीने केला आहे.

रतिलालांनी एक चप्पल काढली व विचारले, "आणि मी विसरलो तर?"

त्यासाठी दंड नाही. मी हयात असेतो ते शब्द मी खिडकीतून उच्चारीन. माझ्या पश्चात यशोदाबाईने उच्चारावेत. तिने ते कबूल केले आहे, आणि रतिलालांनी दुसरी चप्पलही काढली आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

कौतिक झुलाल बोरसे

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. जीवराम सुपडू चौधरी, शेजारी
२. सुमनबाई वना पाटील, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका

पिंप्राळा, जळगाव
९ डिसेंबर १९९१