दारावरचे दोन नाग

लिहून ठेवणार मी वाबखेत, भुंग्यांचे ताईत कोरणाऱ्या नेबरेची मुलगी, नखतमीनची विधवा, राहणार नदीचा पश्चिम तीर, राजाची थडगी खोदणाऱ्यांची वस्ती. डोळे अधू झालेत, डोकं ठिकाणावर आहे. बळजबरी माणसाची नाही, दाराची आहे. मी आत, लेखनिक इपुय आणि साक्षीदार बाहेर गल्लीत. झरोक्यातून सांगते ते त्याने जसंच्या तसं उतरवावं.

कलम पहिले. घर माझ्या बापाचं, म्हणून माझं. ते माझी सून इसेत हिला. मुलगा केन्ना याने तिथे खुशाल राहावं, पण दाराला मोहर लावली की त्याचा हक्क संपला.

कलम दुसरे. मोहर केन्नाकडेच राहो. मोहर म्हणजे अंगठीतला भुंगा; तो माझ्या लग्नात मीच मऊ दगडात कोरला, निळी झिलई चढवली. नखतमीन म्हणाला होता, "घर राखेल अशी नक्षी कर हं." म्हणून पोटावर समोरासमोर दोन नाग काढले, मधे टोक न सापडणारी वेटोळी. कामाच्या पुढच्याच पाळीला डोंगरावर जाताना त्याने बाहेरून कडीला दोरी बांधली, वर ओला चिखल थापला आणि भुंगा दाबला. "चोरांचं भय आहे गं," म्हणाला. चोर कसला, आत मीच होते.

चिखल काय, ढकललं तरी फुटतो. पण फुटला की त्याला कळणार, आणि तशी नक्षी पुन्हा कोरणारी वस्तीत मी एकटीच. म्हणून माझी हत्यारांची पेटी त्याने माझ्या भावाकडे ठेवली. पाशेदू, पेटी घेऊन बाहेर उभा आहेस ना, ऐक. तू ती मुकाट्याने ठेवून घेतलीस. तो राग अजून आहे.

नवरा गेला तेव्हा वाटलं, सुटले. कसलं काय. भुंगा केन्नाच्या बोटात गेला. "आई, आपल्या घराची रीतच आहे ती," म्हणाला. आता इसेतही आत. संध्याकाळी दाराच्या फटीला डोळा लावून बसते. मी तशीच बसायचे. बघवत नाही.

कलम तिसरे. नवऱ्याने माझ्या प्रेताच्या छातीवर ठेवायला हिरव्या दगडाचा भुंगा आणून ठेवलाय. त्यावर लिहिलंय, हृदया, न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध बोलू नकोस. तो विकून इसेतने तेल घ्यावं. जन्मभर छातीवर दगड ठेवूनच जगले, मेल्यावर आणखी कशाला? माझ्या हृदयाला काय ते बोलू द्या.

कलम चौथे. कमानीचं गिरमिट आणि तांब्याच्या छिन्न्या, पेटीसकट, इसेतला. कोळशाने भिंतीवर तिला नक्षी शिकवली आहे, हात चांगला आहे. पेटी जवळ असली की तशी मोहर ती केव्हाही कोरेल. मग केन्नाने हवा तेवढा चिखल थापावा. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. पेटी आजच, साक्षीदारांदेखत, तिच्या हातात.

इपुय म्हणतो, "आजी, पेटी झरोक्यातून मावायची नाही. मोहर मोडावी लागेल."

माहीत आहे.

"केन्ना डोंगरावरून उतरून आला की तमाशा करेल."

करू दे. नक्षी माझी आहे, मोडा म्हणते.

पाशेदू म्हणतो, "ताई, मला नको सांगूस."

तुलाच सांगते, बाळा. ठेवून घेतलीस तू, दे पण तूच.

ठिकाण वरीलप्रमाणे. पुराच्या ऋतूचा तिसरा महिना, राजाचे बारावे वर्ष.

लिहून देणार : वाबखेत, अंगठा.
साक्षीदार : लेखनिक इपुय.
साक्षीदार : पाशेदू. अंगठ्याला दारावरचा चिखल लागलेला आहे.
पेटी मिळाली : इसेत. खूण गल्लीत उभं राहून केली.