पौडच्या कचेरीतला दुसरा जबाब

मी, कोंडाजी पौलस सुतार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकी, राहणार कासार आंबोली, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर माझी मुलगी जया हिला द्यावे. तिची आई रंभाबाई गेल्यापासून तिनेच माझे केले. ओसरीवर दर रविवारी आपल्या ख्रिस्ती मंडळीची उपासना भरते, ती भरू द्यावी. गावात आपले प्रार्थनामंदिर का झाले नाही, हे तिला कधी सांगितले नव्हते. ते इथे सांगतो.

ओढ्याकडची जमीन गावचे जमीनदार हैबतराव यांच्या नावे होती, पण कसत होता बुधा कातकरी. त्याचा नांगर चौदा वर्षे मीच करून देत होतो. कसणाऱ्याला जमीन देणाऱ्या कूळकायद्याची चौकशी लागली, तेव्हा हैबतरावांनी निरोप धाडला, की बुधा नुसता मजूर होता एवढे सांग, मंदिराला दोन गुंठे देतो. पाळकसाहेबही म्हणाले, मंडळीच्या भल्यासाठी गप्प राहा. पौडच्या कचेरीत मी 'मला ठाऊक नाही' असा जबाब दिला.

त्या रविवारी प्रभुभोजनाचा प्याला हातात आला आणि मला तो ओठाला लावता येईना. तसाच पुढे दिला. पाळकांचा शब्द मोडणे जड होते. आपलेच मन आपल्याला फसवत नाही ना, म्हणून दोन दिवस प्रार्थना केली. मन हटेना. मंगळवारी चालत पौडला गेलो आणि कचेरीतल्या साहेबांना सांगितले, की माझा जबाब खोटा होता, जमीन बुधाच कसतो. खोट्या जबाबाबद्दल तुझ्यावर खटला होईल, असे त्यांनी बजावले.

मी म्हणालो, "होऊ द्या. देवापुढे मला एकट्याला उभे राहायचे आहे. तिथे माझ्या वतीने पाळकसाहेब बोलणार नाहीत."

खटला झाला नाही. बुधाला जमीन मिळाली, मंदिर व्हायचे राहिले. गावाने तीन वर्षे मला काम दिले नाही. पाळकसाहेबांनी पुढे क्षमा मागितली. त्यांच्याविषयी मनात काही नाही.

२. वाकस, रंधे, करवती ही माझी हत्यारे धाकटा भाऊ भैरू याला. त्या तीन वर्षांत तो माझ्या दारावरून मान खाली घालून जाई. ते मी विसरलेलो नाही, हे त्याला कळावे. पण हात त्याचा माझ्याहून साफ आहे. कातकरवाडीचे काम त्याने मागे ठेवू नये.

३. जया, वडीलधाऱ्यांचे ऐक. पण प्रभूने आत ठेवलेला आवाज नाही म्हणाला, तर कोणासाठीही हो म्हणू नकोस.

४. गेल्या वर्षी हैबतरावांनी मुलांच्या वाटणीला साक्षीदार म्हणून मलाच बोलावले. म्हणाले, "तुझ्या खऱ्यापायी माझी जमीन गेली. म्हणूनच तू हवास." त्या धीरावर मी त्यांना आज साक्षीला बोलावले. ते आले आहेत.

५. शिसवी पेटी बुधाला द्यायची होती. त्याला साक्षीलाही बोलावले होते, पण साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. बुधा म्हणाला, "पेटी ऱ्हाऊ द्या, दादा. माजी साक्ष आजवर कुनी इचारली न्हाई. मला साक्षीलाच घ्या." पेटी जयाला द्यावी.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

मुक्काम पौड, ता. १२ नोव्हेंबर १९६६
सही : कोंडाजी पौलस सुतार

एका बाकावर बसून, आमच्यादेखत सही झाली :
१. हैबतराव बहिरू ढमाले (सही)
२. बुधा बारकू वाघमारे (डाव्या अंगठ्याची निशाणी)