खिडकी लावण्याची चार पानं

तीर्थस्वरूप दाजी,

शाईच्या हातांनी केलेला नमस्कार दुरूनच स्वीकारावा. गुडघा कसा आहे? आणि ताईचा खोकला? (ती फोनवर "बरा आहे" म्हणाली तेव्हा मागून तुम्ही "मुळीच नाही" म्हणालात, ते ऐकू आलं. माझे कान छपाईच्या मशीनजवळ तयार झालेत.) आम्ही सगळे ठीक. पुढचा मजकूर बसून वाचावा.

एकोणीस वर्षं खपून लिहिलेलं तुमच्या गुरुजींचं चरित्र, पानं सातशे बारा, तुम्ही माझ्या हवाली केलंत आणि म्हणालात, "तुझ्या पद्धतीनं छाप, पण लोकांनी वाचलं पाहिजे." मी शब्द पाळणारा माणूस. आधी मी स्वतः सगळं वाचलं. (शाळा सातवीत सुटली आणि पुढचं शिक्षण छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना झालं, त्यामुळे मला तत्त्वज्ञान उलट्या अक्षरांत लवकर समजतं.) मग मशीनवाल्याला दिलं. त्यानं बारा पानं वाचली आणि रजेचा अर्ज टाकला. तेव्हा मी ठरवलं की चरित्र चित्रांत काढायचं, चौसष्ट पानांत. आता रागवा. रागवून झालं की पुढं वाचा.

चित्रकार बाई पूर्वी सर्कशीची पोस्टरं रंगवायच्या. तुमचं हस्तलिखित त्यांनी पंधरा दिवसांत संपवलं आणि आल्या आल्या विचारलं, "हे गृहस्थ उठतात कधी?" प्रश्न रास्त होता. गुरुजी चाळीस वर्षं एकाच खुर्चीत बसून विचार करत होते. वाघ पिंजऱ्यात बसला तरी शेपटी हलवतो, असं बाईंचं म्हणणं. अखेर पान तीनशे बारावर तळटीप सापडली: "एके दिवशी गुरुजी बोलता बोलता उठले व त्यांनी खिडकी लावली." बाईंनी त्यावर चार पानं केली. एका पानावर तर नुसती रिकामी खुर्ची. ते पान बघून आमचा बाइंडर दचकून म्हणाला, "अहो, गेले कुठं?"

विचारांचं काय करायचं, ही पुढची अडचण. तुमचं पाचवं प्रकरण: दोघांचं पटत नसलं की खरं काय ते दोघांच्या मध्ये असतं आणि प्रत्येकाला त्याची एकच बाजू दिसते. तुमची पानं एकशे चाळीस. बाईंनी एक अरुंद जिना काढला, त्यात अडकलेलं कपाट, वर एक हमाल, खाली एक. वरचा ओरडतो, "उचल!" खालचा ओरडतो, "तू सोड!" खुर्चीतून गुरुजी बघतायत. संपलं प्रकरण. आता आमच्याकडे मशीनवाला आणि बाइंडर अकरा वर्षं भांडतायत. हा म्हणतो तू तिरकं कापतोस, तो म्हणतो तू तिरकं छापतोस. दोघांनी ते चित्र बघितलं. मग बाइंडर म्हणाला, "अरे, कागदच तर तिरका येत नाही ना?" मोजला. कागद तिरका. गुरुजींच्या विचारानं जगात पडलेला हा पहिलाच फरक असावा; आणखी कुठं पडला असल्यास कळवावं.

आता चेहऱ्याचं. गुरुजींनी आयुष्यात फोटो काढू दिला नाही, आणि तुम्ही पान नऊवर लिहिलंत की त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन करणं हा त्यांच्या विचारांचा अपमान ठरेल. बाईंना मात्र मानेच्या वर काहीतरी लागत होतं. मी तुमच्या निवृत्तीच्या समारंभाचा फोटो दिला, ज्यात प्राचार्य बोलतायत आणि तुम्ही डोळे मिटून गहन विचारात आहात. (झोपला होतात, हे मी बाईंना सांगितलं नाही.) थोडक्यात, गुरुजी तुमच्यासारखे दिसतात. चूक माझी. शिक्षाही भोगतोय: गुरुजींना मूर्ख प्रश्न विचारणारं जे "अज्ञानी जग" आहे, त्याला बाईंनी माझा चेहरा दिलाय. मी एकूण एकेचाळीस वेळा आलोय.

गुरुजींची लेक परवा काठी टेकत छापखान्यात आली. तिची परवानगी नसेल तर सगळा कागद रद्दीत. तिनं एकेक पान उलटलं. "बाबा असे दिसत नव्हते," म्हणाली. मग त्या चार पानांशी थांबली आणि म्हणाली, "पण उठायचे ते असेच. हात टेकून. परवानगी दिली. फक्त त्यांनी खिडकी का लावली, ते छापा. बाबा विचार अर्धा सोडून कधी उठले नाहीत."

दाजी, मी सातशे बारा पानं पुन्हा चाळली. कारण कुठंच नाही. तीन फर्मे, म्हणजे अठ्ठेचाळीस पानं, छापून झालीत. चौथा अडलाय; शेवटचं पान कोरं ठेवून मशीन बंद आहे.

बाकी क्षेम. ताईला नमस्कार, तुमच्या रागालाही.

तुमचा शाईवाला मेहुणा

ता. क. खरं काम हेच. गुरुजींची लेक म्हणते, त्या दिवशी खोलीत दुसरं कुणी असेल तर तुम्हीच. शनिवारच्या आत दोन ओळी पाठवा.

ता. क. २. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात ताईचा फोन आला, तिला खिडकीचं विचारलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे तुम्हाला त्या दिवशी सर्दी झाली होती आणि तुम्ही शिंकत होतात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही तिला हे सांगितलंत, आणि रडलात. सातशे बारा पानांत तुम्ही स्वतःला कुठंच येऊ दिलं नाहीत, ते मला आत्ता कळलं. हे खरं असेल तर नुसतं "हो" लिहा. हे ऐकताच बाईंनी शिंक काढूनही ठेवली आहे. तुमचा चेहरा गुरुजींकडे गेल्यामुळे शिंकणाऱ्याला नाइलाजानं माझाच दिलाय.