एम, एच, ए, क्यू

आण्णा, काल ड्युटीवरून येताना सिग्नलला माझ्यापुढं एक जुनी स्कूटर उभी होती आणि तिच्या नंबरात ए आणि क्यू होतं. हिरवा दिवा लागला तरी मी हललेच नाही. मागचा एक जण ओरडला, "ओ ताई, झोप लागली काय?" पाटी तुमच्या हातची नव्हती. आता सगळ्या पाट्या यंत्रावर ठोकून येतात, रंगवायच्या नसतात. पण ती दोन अक्षरं बघून मला ते आठ दिवस आठवले, आणि आज सुट्टी आहे म्हणून लिहायला बसले.

आरटीओसमोरच्या झाडाखाली तुम्ही नंबर प्लेटी रंगवायचा. शिक्षण सातवी. इंग्रजी शब्द वाचता यायचा नाही, पण इंग्रजी अक्षरांवर तुमचा जीव होता. एसची कंबर आणि क्यूचं शेपूट तुम्ही एका दमात काढायचा. कोल्हापूरच्या प्रत्येक पाटीवर एम आणि एच असायचंच, पुढं आणखी दोन अक्षरं. मी आठवीत असताना तुम्ही रद्दीवाल्याकडून पुठ्ठा निघालेली एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणलीत आणि माझ्या मांडीवर टाकलीत. "ही चारी अक्षरं ज्यात हायत असा शब्द काढायचा. कुठंबी असू देत, मागंपुढं. पण जेवढा लांब घावंल तेवढा घ्यायचा." त्या दिवशी पाटीवर ए आणि के होतं. मला 'हॅमॉक' सापडला, सात अक्षरी. तुम्ही मान हलवलीत. "आजून लांब असंल की." दोन दिवसांनी 'वॉचमेकर' सापडला. दहा अक्षरं! तुम्ही पत्र्याच्या तुकड्यावर तो शब्द पिवळ्या रंगात लिहिलात आणि झाडाच्या खोडाला टांगलात. ए आणि व्हीला 'अचीव्हमेंट' मिळाला. हळूहळू त्या खोडावर पत्र्यांची रांग झाली. गिऱ्हाईकं विचारायची, हे काय? तुम्ही म्हणायचा, "माझ्या पोरीनं काढल्यात."

ए आणि झेडला मात्र मी अडकले. चार दिवस काही मिळेना. तुम्ही रोज विचारत होता, म्हणून पाचव्या दिवशी मी 'हॅमॅझिनेशन' असा शब्द सांगून टाकला. तुम्हाला कुठं वाचता येणार होतं! तुम्ही तो निळ्या रंगात लिहिलात, इतर शब्दांपेक्षा सुबक. आठवड्यानं एक प्राध्यापक पाटी करायला आले आणि हसले. "अहो पेंटर, असा शब्दच नाही." तुम्ही त्यांच्यादेखत टर्पेंटाइनचं फडकं घेऊन तो पत्रा पुसलात. हे मला नंतर कळलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही दारातच उभे राहिलात.

"येत न्हाय म्हणायला लाज कसली गं?"

मी आईच्या मागं सरकले.

"न्हाय घावला तर न्हाय म्हण. वरीसभर न्हाय म्हण. पण खोटा शब्द माझ्या हातनं लिव्हून घेऊ नगंस."

आई म्हणाली, "जेवू द्या की तिला." तुम्ही म्हणालात, "जेवू दे. पर उद्या परत बसायचं." मी परत बसले. 'मेकॅनायझेशन' मिळाला, तेरा अक्षरांचा. पण तुम्ही तो लगेच लिहिला नाहीत. आधी माझं बोट धरून डिक्शनरीतलं एक एक अक्षर ताडून बघितलंत.

मग ती ए आणि क्यूची पाटी आली. क्यू आला की जोडीला यू येणार, आणि त्यात एम नि एच पण पाहिजे. मी पहिल्या पानापासून निघाले. एसची पानं यायला आठ दिवस लागले. तिथं होता 'स्क्वीमिश'. अर्थ दिला होता, लगेच मळमळणारा, नाजूक मनाचा. तुम्ही हसून म्हणालात, "म्हंजे तूच की!" खरंच होतं ते. पत्रा कापताना तुमचं बोट चिरलं की मी डोळे झाकून पळायची.

आणि तरी मी नर्सिंगला गेले. पहिल्याच महिन्यात एका पेशंटच्या पायाचं ड्रेसिंग बघताना वास सहन झाला नाही, मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. ट्यूटर मॅडम मागून आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, इतकी स्क्वीमिश असशील तर घरी जा. वर्गात तो शब्द फक्त मला ठाऊक असणार, आणि रडू आलं तेही त्यामुळंच. मी तशीच झाडाखाली तुमच्याकडं आले. मॅडमचा शब्द सांगितला, सोडते म्हणाले. तुम्ही ब्रश खाली ठेवला नाहीत.

"त्यो शब्द काढाय किती दिस लागलं?"

"आठ."

"एका शब्दाला आठ, मग आख्ख्या कामाला म्हैना कसा पुरंल? जा."

मी गेले. त्याच पेशंटचं ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी मागून घेतलं.

तिसऱ्या वर्षी तुमच्या साखरेनं तुमचाच पाय धरला. मी पट्टी सोडते आहे, आणि तुम्ही जखमेकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघताय. दुखत असणार, पण तुम्ही म्हणता, "एम, एच, ए, के."

"वॉचमेकर."

"ते जुनं झालं. दुसरा दे."

"मॅचमेकर."

"म्हंजे?"

"लग्नं जुळवणारा."

"बग, आता त्योच गाठाय पायजे तुझ्यासाठी," म्हणून तुम्ही हसता, आणि तेवढ्यात मी जखम साफ करून घेते. या वेळी मी डोळे झाकले नाहीत. तुम्ही ते बघितलंत. त्या थंडीतच तुम्ही गेलात.

आता हॉस्पिटलातल्या एका सहकारी सिस्टरनं मला फोनवर दाखवलं, अक्षरं टाकली की शब्दांची यादी येते. मी आपली चार अक्षरं टाकली. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच 'स्क्वीमिशनेस' आला, तेरा अक्षरी. आपल्यापेक्षा चार जास्त. मला थोडा रागच आला, मग मी फोन तिला परत दिला. अडतीसाव्या वर्षी मी नर्सिंगच्या पुढच्या पदवीची प्रवेश परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला पास झाले. सोमवारपासून वर्ग आहेत. पुस्तकं सगळी इंग्रजीत, एकेका पानाला मला तास लागतो. लागू दे. वर्गातल्या मुली माझ्या निम्म्या वयाच्या असतील, आणि मला आलं नाही तर मी हात वर करून येत नाही म्हणणार आहे.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, वहीतच राहील. एक सांगायचं राहिलंय. तेव्हा, पहिल्या प्रवेशाच्या वेळी, फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी लिहिलं, आरटीओ ऑफिसात नोकरी. सही तुमची होती, तुम्ही न वाचता केली होतीत. या वेळी नीट लिहायचं ठरवून बसले होते, पण नव्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.