शेपटीजवळची आडवी चीर

तीर्थरूप आईस,

समुद्रकाठच्या कारखान्यातून तुझ्या लुकेरियाचा नमस्कार. मी बरी आहे, पोटभर जेवते. इथे मासा यंत्र कापतं, आम्ही नुसते काटे वेचतो.

काल मुकादमाने एक सॅल्मन खायला दिला, तो मीच कापला. शेपटीजवळ तुझी ती आडवी चीर आपसूक पडली. आपल्याच नदीच्या मुखाकडची अकुलिना आजी बघतच राहिली. "तू मात्रोनाची लेक गं! धुरावर टांगलेल्या हजार माशांत तिचा हात ओळखेन मी. आता तुझ्यामागे ही चीर कोण देणार?"

मला माझी नस्तासिया आठवली. आपल्या युकॉन नदीत सॅल्मन पकडायला बंदी आली तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता बारा वर्षांची झाली. तू तिला पुठ्ठ्याच्या माशावर सुरी धरायला शिकवतेस म्हणे, खरं का?

तुझा खोकला कसा आहे? मासे टांगायचं धुरीघर गळतं का अजून?

गुरुवारच्या विमानाने बर्फात घालून एक अख्खा मासा पाठवतेय. तो तू कापू नकोस, तिला दे. माझ्या हातातून सुरी हिसकावून घ्यायचीस, तशी तिच्या हातातून घेऊ नकोस. चीर वाकडी गेली तर जाऊ दे. सात वर्षांत तिच्या वाट्याला आलेला हा पहिला मासा आहे.

तुझीच,
लुकेरिया