अर्धा किलो

मंगळवार, संध्याकाळ

आज काट्यावर अर्धा किलो वाढलेलं दिसलं. दोनदा उतरून पुन्हा चढले, तरी तेच. वजन उतरल्याशिवाय माझी किडनी संजूला देता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. धाकटा भाऊ तिकडे अकोल्यात डायलिसिसवर, आणि इथे माझं वजन वाढतंय! चहातली साखर सोडली, भात बंद केला, राजापेठेतल्या घरून शाळेत शिकवायला पायी जाते, रोजचं खाणं मोबाइलमध्ये लिहिते. मग चुकतंय कुठे? अर्धा किलो!

आज जेवायचंच नाही असं ठरवलं, तेवढ्यात संजूचा फोन आला. जेवली का विचारल्यावर मी अडखळले, तिथंच त्यानं ओळखलं.

"काहून उपाशी राहून राहिली, ताई? तू पडली तर मले कोन देईन किडनी? आधी जेव. मी फोन ठेवत नाही."

मग ताट वाढून घेतलं. भाकर, मेथीची भाजी. मी जेवत होते, तो ऐकत होता. पाण्याचा पेला उचलला आणि हात थांबला. त्याला दिवसाचं पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. घोट घेतलेला ऐकू जाईल का त्याला?

"पानी पे ना, ताई," तो म्हणाला.