दहा मीटर आधी थांबण्याबद्दल

रविवार, १० सप्टेंबर

तीर्थरूप इर्याताईस,

धाकटा भाऊ रेइनो याचा नमस्कार (उभ्या उभ्याच समजून घे, गुडघे सध्या खाली वाकायला तयार नाहीत). तुझी कंबर कशी आहे? तिकडे सू सेंट मरीत थंडी सुरू झाली का? इथे थंडर बेला पहाटे गवतावर दहिवर गोठायला लागलं आहे, तुझ्या भावजयीने, हेल्मीने, क्रॅनबेरी वेचून आणल्या आहेत, आणि तुझ्यासाठी दोन बरण्या भरून ठेवल्या आहेत. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की, साठीला आलेल्या माणसाने चड्डी घालून गोल गोल धावणं शोभत नाही, आता पुरे कर. त्यावर मी नीट विचार केला आहे आणि त्याबद्दल पुढे लिहीनच. आधी तुझ्या नातीच्या सिनेमाचं काय झालं ते सांगतो. काइसाने तुला फोन केला असणारच. तिने जे सांगितलं असेल त्यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मंही खरंच आहे, पण माझ्या बाजूने ते जरा वेगळं दिसतं.

सिनेमा माझ्यावरूनच बेतलेला आहे, हे तुला ठाऊक आहे. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून गेली चार वर्षं मी आपल्या फिनिश क्लबाच्या मैदानावर रोज धावतो. पाच हजार मीटर, म्हणजे साडेबारा फेऱ्या, वीस मिनिटांच्या आत. एवढंच मागणं आहे, आणि तेवढंच होत नाही. माझी सगळ्यात चांगली वेळ वीस मिनिटं चार सेकंद. सत्तावीस तारखेला मला साठ पुरी होतात, म्हणून सॉनाच्या दारावर मी खडूने लिहून ठेवलं आहे: "साठीच्या आत, विसाच्या आत." हेल्मी ते पुसायची, मी पुन्हा लिहायचो. आता तिने पुसणं सोडलं आहे आणि त्याच्याखाली ती वाणसामानाची यादी लिहिते (परवा मी "विसाच्या आत, बटाटे, साबण" असं घोकत तीन फेऱ्या मारल्या). लोक याला वेड म्हणतात. म्हणोत. गिरणीत एकतीस वर्षं मी रोज एकच लिव्हर ओढला, तेव्हा कोणी वेडा म्हटलं नाही.

तर काइसा टोरांटोहून आली ती एक कॅमेरा, एक मैत्रीण आणि एक नट घेऊन. नटाचं नाव ट्रेंट. माणूस देखणा, दात तर इतके सारखे की मोजावेसे वाटावेत. माझं काम त्याने करायचं होतं. पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं, धावताना मनात काय चालतं? मी म्हटलं, बटाटे, साबण. त्याने ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मैदानावर चरत असलेल्या रानहंसांच्या कळपाला तो हात पसरून हुसकायला गेला. इथलं शेंबडं पोरही असं करणार नाही. हंस हलले नाहीत, ट्रेंट हलला, आणि हलता हलता त्याचा घोटा मुरगळला. संध्याकाळच्या बसने तो परत गेला. काइसा पायरीवर बसून रडली आणि मग डोळे पुसून मला म्हणाली, "आजोबा, आता तुम्हीच तुमचं काम करा." मला नाही म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर मी ट्रेंटचा घोटा पाहिला तेव्हापासून वाटच बघत होतो.

पैसे नव्हतेच. कॅमेऱ्यासाठी रूळबीळ कुठून येणार? ओन्नीने (क्लबाचं मैदान बघणारा, तोच तुझ्याशी लग्न करायचं म्हणून दोन उन्हाळे फिरत होता तो) आपला गवत कापायचा ट्रॅक्टर काढला, मागे ट्रॉली जोडली, ट्रॉलीत काइसा कॅमेरा घेऊन उलटी बसली. हा ट्रॅक्टर सगळा जोर लावून ताशी आठ मैल जातो आणि मी जातो ताशी पंधरा किलोमीटर, त्यामुळे दर फेरीत मी ट्रॅक्टरला मागे टाकायचो आणि काइसा ओरडायची, "हळू!" ताई, चार वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी हळू धाव म्हटलं. प्रेक्षक म्हणून दोनशे माणसं हवी होती, अकरा आली. त्यात आठ चर्चमधल्या बायका. त्यांनी कॉफी आणि पुल्ला, आपला तो गोड पाव, आणला होता, आणि त्यांना बजावलं होतं की शेवटी सगळ्यांनी सुन्न व्हायचं. त्या प्रत्येक फेरीला टाळ्या वाजवत होत्या, कारण कोणी दमून येतोय आणि आपण गप्प बसायचं हे त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं.

खरी फजिती शेवटात होती. काइसाच्या गोष्टीत धावणारा म्हातारा शेवटच्या फेरीत रेघेपासून दहा मीटर आधी थांबतो. घड्याळात अजून दोन-तीन सेकंद शिल्लक असताना. कारण त्याला आयुष्य म्हणजे काय ते कळतं, त्याच्या चेहऱ्यावर शांती उतरते, आणि तो गवतातून बायकोकडे चालत जातो. मी म्हटलं, हे कळायला त्याला चार हजार नऊशे नव्वद मीटर का लागले? काइसा म्हणाली, "आजोबा, तेच तर सांगायचंय." बरं. पण ताजातवाना येऊन फक्त शेवटची फेरी धावायची, हे मला पटेना. खोटा घाम मला येत नाही. म्हणून दर वेळी मी साडेबारा फेऱ्या पुऱ्या करायचो. सोमवारी धावलो आणि रेघ ओलांडून गेलो. मंगळवारी धावलो, दहा मीटरवर काइसाने लाल टॉवेल टाकला होता, तो मी उडी मारून ओलांडला. गुरुवारी तिने तिथे हेल्मीलाच उभं केलं. मला वाटलं, ही मला हुरूप द्यायला आली आहे. मी तिला वळसा घालून गेलो (हेल्मी अजून त्यावर बोलते).

शुक्रवार हा कॅमेऱ्याचा शेवटचा दिवस होता, तो संध्याकाळी परत द्यायचा होता. मी काइसाला शब्द दिला होता, हेल्मीसमोर, की आज थांबेन. आणि ताई, नेमकी त्या दिवशी पायांना लय सापडली. वारा नाही, ऊन नाही, हंस तळ्यावर. दहाव्या फेरीलाच मला समजलं की आज काहीतरी वेगळं आहे. शेवटच्या वळणावर ओन्नीने ओरडून वेळ सांगितली, आणि चार वर्षांत ती कधी एवढी कमी नव्हती. लाल टॉवेलपाशी आलो तेव्हा रेघेवरच्या मोठ्या घड्याळात एकोणीस अठ्ठावन्न होते. काइसा किंचाळली, "आजोबा, थांबा! आता थांबा!" तिचा आवाज मला नीट ऐकू आला, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी थांबलो नाही. मी हात पुढे करून रेघेवर अक्षरशः पडलो, आणि डोकं वर करून पाहिलं तर वीस मिनिटं एक सेकंद. चर्चच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमा गेला, वीस मिनिटंही गेली. काइसाने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मला आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती, आणि एका सेकंदाचा इतका संतापही आला नव्हता. दोन्ही एकदम आलं.

रात्री ओन्नी आणि मी सॉनात बसलो होतो. मी रडवेला होऊन म्हणत होतो, चारशे मीटरची फेरी, साडेबारा फेऱ्या, एक सेकंद. ओन्नीने दगडांवर पाणी टाकलं, वाफ अंगावर घेतली आणि अगदी सहज म्हणाला, "चारशे कुठली? चारशे चाळीस यार्डांची आहे ती." मी म्हटलं, बोर्डावर चारशे मीटर लिहिलंय. तो म्हणाला, "मीच लिहिलंय. सत्त्याहत्तरला सरकारने सांगितलं मीटर करा, क्लबाने मला रंगाचा डबा दिला, मी केले मीटर." मी विचारलं, आणि ट्रॅक? तर ओन्नी माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघत म्हणाला, "अरे, त्या वर्षी रस्त्यांच्याही पाट्या बदलल्या. रस्ता कोणी हलवला का?" सॉनात आपल्याकडे कोणी खोटं बोलत नाही, त्यामुळे पुढे विचारायची सोय नव्हती. आणि दोष तरी कोणाला देऊ? हेल्मी पुल्ला भाजते फॅरनहाइटमध्ये, सॉना तापवते सेल्सिअसमध्ये, मी स्वतःला तोलतो पौंडांत आणि धावतो किलोमीटरांत, आणि आजवर आम्हा दोघांना त्यात काही खटकलं नव्हतं.

टॉवेल गुंडाळून, कंदील आणि गिरणीतली पोलादी टेप घेऊन आम्ही तसेच मैदानावर गेलो. फेरी चारशे दोन मीटर आणि वर एक फूटभर. म्हणजे साडेबारा फेऱ्यांत मी एकोणतीस मीटर जास्त धावत होतो. चार वर्षं, रोज. पाच हजार मीटर रेघेच्या एकोणतीस मीटर आधीच पुरे होतात. आता तूच बघ. शुक्रवारी मी काइसाचं ऐकून दहा मीटर आधी थांबलो असतो, तरी वीसच्या आतच असतो. तिचा शेवटही झाला असता आणि माझाही. त्या लाल टॉवेलवर उडी मारून मी काय मिळवलं, ते मला अजून सांगता येत नाही.

ओन्नी म्हणतो, गणित केलं की झालं, तू जिंकलास. मला गणित नको आहे. त्या जागी घड्याळ घेऊन कोणी उभं नव्हतं. मला धावूनच हवं आहे. काल मी काइसाला कागदावर लिहून दिलं की दहा मीटर आधी थांबेन, खाली सही केली, हेल्मीने साक्षीदार म्हणून सही केली. काइसा अजून माझ्याशी बोलत नाही, पण हेल्मीमार्फत तिने कळवलं आहे की मैत्रिणीने कॅमेरा आणखी एकाच दिवसासाठी मिळवला आहे, शनिवारी, तेवीस तारखेला. साठीला तेव्हा चार दिवस बाकी असतील. तर तुझ्या सल्ल्याप्रमाणे तेवीस तारखेला मी थांबणार आहे. कंबरेला जप, रात्री पायांना ऊब ठेव.

तुझा,
रेइनो

ता. क. हे पत्र मी ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. तू बावीस तारखेच्या बसने थंडर बेला ये. रेघेच्या एकोणतीस मीटर आधी मी कुंपणाला खिळा मारून ठेवला आहे. तिथल्या बर्च झाडामागे, कॅमेऱ्याला दिसणार नाहीस अशी, स्टॉपवॉच घेऊन उभी राहा. ओन्नीला ट्रॅक्टर चालवायचा आहे, आणि तसंही तो माझ्यावरच्या मायेने बटण लवकर दाबेल. तू आईच्या अंत्यविधीतसुद्धा पाद्र्याची चुकलेली तारीख मोठ्याने दुरुस्त केली होतीस. मला तुझीच वेळ हवी आहे. वीसच्या आत असेल तर हात वर कर. मग दहा मीटरवर मी सुखाने थांबेन, आणि चेहऱ्यावर काइसाला हवी ती शांती आपोआप येईल. तिला वाटेल, आजोबांना शेवटी अभिनय जमला.

आणखी एक ता. क. काइसाला या एकोणतीस मीटरचं अवाक्षर सांगू नकोस. ती ते सिनेमात घालेल.

शेवटचा ता. क. तुझा हात वर गेला नाही, तर मी थांबणार नाही, सहीचा कागद हेल्मीने खुशाल पुल्ला भाजायला वापरावा. काइसाला तू समजाव, तुझंच रक्त आहे ते, ऐकेल. रविवारी, सोमवारी, मंगळवारी मी पुन्हा धावणार आहे आणि तू पुन्हा बर्चमागे उभी राहणार आहेस. म्हणून कपडे पाच दिवसांचे आण.